रिकामी सिरिंज

झोपलेलं मूल पाहिलं की लोकांना माया वाटते. मला संशय येतो. परवा भाचीकडे बारशाला गेले होते. बाळ पाळण्यात शांत झोपलेलं, सगळ्या बायका "किती गोड, किती गोड" करतायत आणि मी खाली वाकून त्याच्या कपाळावर आठी आहे का ते बघतेय. भाची म्हणाली, "मावशी, अगं ते नुसतं झोपलंय." म्हटलं, असेल. बघायला काय जातं?

सवय जात नाही. चेन्नईतल्या मुलांच्या एका हॉस्पिटलात, ऑपरेशन झालेल्या मुलांच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी झाली. माहेर साताऱ्याकडचं. नवरा रेल्वेत, त्याची बदली इकडे झाली म्हणून आले. तो परत जायच्या बदलीची वाट बघत राहिला आणि तोवर मी तमिळमध्ये भांडायला शिकले. मग परत जायचं काही कारण उरलं नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, हॉस्पिटलातले गमतीदार किस्से लिहा. गमतीदार किस्से डॉक्टर लोकांकडे असतात. माझ्याकडे जे आहे ते लिहिते.

शेवटची काही वर्षं मला एकच काम होतं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलापाशी जायचं आणि त्याला किती दुखतंय ते शोधायचं. डॉक्टरांच्या भाषेत या कामाला भारदस्त नाव आहे. वॉर्डातले वॉर्डबॉय आणि सफाईच्या बायका मला ‘वलि सिस्टर’ म्हणत. वलि म्हणजे दुखणं. नाव मला आवडायचं, पण तसं कधी दाखवलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात शोधायचं काय? विचारायचं. मोठ्या माणसाला विचारता येतं. तो विचारलं त्यापेक्षा जास्तच सांगतो, वर पाहुण्यांनाही सांगतो. पण तान्ह्या बाळाला बोलता येत नाही आणि तीन वर्षांच्या मुलाला पोट दुखतंय, भूक लागलीय की आईचा राग आलाय, यातला फरक सांगता येत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला सांगता येतो, पण तो सांगत नाही. ‘दुखतंय’ म्हटलं की बाई सुई घेऊन येते, हे त्याला एव्हाना कळलेलं असतं. मग तो सरळ खोटं बोलतो, आणि फार छान बोलतो. मुलं निरागस असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याबरोबर एक सकाळ काढायला हवी होती.

म्हणून आम्ही तोंडाकडे कमी आणि बाकीच्या अंगाकडे जास्त बघतो. गुडघे पोटाशी ओढलेत का? मूठ मिटलीय का? हातात मोबाईल दिलाय पण नजर भलतीकडेच आहे का? मी दाराआडून बघायची. मी दिसले की मुलं शहाण्यासारखी वागायला लागत आणि मला नेमकं तेच नको असायचं.

आणि दुखणं थांबवणं म्हणजे लाड नव्हेत. दुखत असलं की मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ धरतो. हलत नाही, पीत नाही. जखम भरते एकीकडे आणि ताप चढतो दुसरीकडे. मी नोकरीला लागले तेव्हा तान्ह्या मुलांना फारसं दुखत नाही असं मानणारी शिकलेली माणसं होती. बाळ रडून रडून थकलं आणि झोपलं, की म्हणायचे, "बघा, थांबलं दुखायचं." त्या बाळांची आठवण आली की मला अजून चैन पडत नाही.

आमच्याकडे एक कार्ड असतं. त्यावर चेहरे काढलेले असतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मुलाला विचारायचं, यातला तुझा चेहरा कुठला? चेन्नईजवळच्या कोवलमहून होडीवाल्यांच्या घरातली एक मुलगी आली होती, अपेंडिक्सची. घामानं भिजलेली, पण दरवेळी बोट हसऱ्या चेहऱ्यावर. तिची आई मासळी विकणारी, कडक बाई. मला म्हणाली, "सिस्टर, ती म्हणतेय ना बरं आहे, मग तुम्ही कशाला टोचताय?" मी मुलीला विचारलं, हाच चेहरा का? ती म्हणाली, "मला हाच आवडतो." तिला वाटलं होतं मी आवडनिवड विचारतेय. आता बोला.

उलट, जॉर्ज टाउनमधले एक हळदीचे घाऊक व्यापारी नातवापाशी बसायचे. प्रत्येक बाटलीचं सील, तारीख, रंग तपासायचे. गाळाचा ठिपका दिसला तरी बाटली बदलून मागायचे. बाकीच्या नर्सेस वैतागत. मला तो माणूस फार आवडला. इतक्या वर्षांत मुलांच्या घरच्यांमध्ये माझ्या जातीचा असा एकच भेटला.

पण आज सांगायचंय ते किट्टूबद्दल. नावं सगळी बदललीत. किट्टू साडेतीन वर्षांचा. मूत्रपिंडातून लघवी खाली उतरते ती वाट जन्मापासून अरुंद होती. तेवढा भाग कापून, रुंद करून परत शिवला होता. ऑपरेशन डॉक्टर सेल्वम यांनी केलं. हात चांगला, स्वभाव माझ्यासारखाच. स्वतःच्या टाक्यांवरही त्यांचा पूर्ण भरवसा नसायचा.

घरचे टी. नगरचे, साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीतले. आई मैथिली, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. वडील बँकेत, ते संध्याकाळी यायचे. आणि वडिलांची आई, तुळसाबाई. मी एकदा फोनवर नवऱ्याशी हुज्जत घालत होते, तर मागून आवाज आला, "तुम्ही मराठी कीं काय? आपलींच माणसें म्हणा कीं!" तंजावरकडची मराठी मंडळी. त्यांची भाषा शब्दांनी जुन्या पोथीतली आणि हेल मात्र पक्का तमिळ. मैथिलीला ती कळायची, पण सासूला ती तमिळमध्ये उत्तर द्यायची आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायची. तुळसाबाईंना मी सापडल्याचा फार आनंद झाला. आता ‘आपली माणसं’ म्हटल्यावर कुणी निर्धास्त होईल. मी जरा जास्त सावध झाले. आपली माणसं नर्सला काही विचारत नाहीत, परस्पर करून मोकळी होतात.

पहिले दोन दिवस किट्टूच्या पाठीत बारीक नळी होती, तिच्यातून औषध जात होतं. मग नळी काढली आणि तोंडानं घ्यायचं औषध सुरू केलं. ते अफूच्या कुळातलं असतं, गुलाबी आणि गोड. मापानं आणि वेळेवर दिलं तर मुलाला आराम पडतो आणि सवय वगैरे काही लागत नाही. माप चुकलं तर गुंगी येते, श्वास मंदावतो, म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून श्वास बघतो. मैथिलीनं मोबाईलवर नाव शोधून मला विचारलं, "हे ते व्यसन लागणारं ना?" मी सगळं समजावलं. तिनं मान डोलावली.

आमच्या वॉर्डची पद्धत अशी की तोंडाचं औषध आईच्या हातून द्यायचं. पांढरे कपडे बघितले की मुलं ओठ मिटतात, आईकडून घेतात. नर्सनं सुईविना सिरिंजमध्ये माप भरून आईच्या हातात द्यायची आणि थोड्या वेळानं रिकामी झालेली परत घ्यायची. पद्धत चांगली आहे. फक्त रिकामी सिरिंज म्हणजे रिकामी सिरिंज. त्यातलं औषध पोटात गेलं असं ती सांगत नाही. हे मी मीटिंगमध्ये बोलले होते. सगळे हसले होते.

किट्टूची नळी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं तर नागरकोइलची आमची तरुण नर्स स्टेल्ला खुशीत सांगत आली, "सिस्टर, किट्टू एकदम समत्तु!" समत्तु म्हणजे गुणी, शहाणं बाळ. "रडत नाही, त्रास देत नाही, झोपलाय."

नळी काढल्यानंतरचा दिवस हा मुलांचा सगळ्यात जास्त रडण्याचा दिवस असतो.

जाऊन बघितलं. झोपला होता खरा, पण गुडघे वर ओढलेले. मूठ घट्ट. कपाळावर आठी. ओठ कोरडे, नाडी पळतेय, आणि श्वास भरभर, वरच्यावर, अर्ध्यावरच परत फिरणारा. मी पोटाजवळ हात नेला. डोळे न उघडता त्यानं तो ढकलला. औषधानं झोपलेलं मूल सैल पडलेलं असतं. हा झोपेतही पोटाची राखण करत होता.

डॉक्टर सेल्वम आले. पोट हलकं दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सोनोग्राफी झाली. शिवणीच्या आसपास थोडं पाणी दिसलं. ऑपरेशननंतर थोडं असतं, तेही म्हणाले. पण गळतीचंही असू शकतं.

"पोट कडक, नाडी पळतेय, मूल गुंगीत," ते म्हणाले. "शिवण गळत असेल तर लघवी पोटात साठतेय. मी थांबणार नाही. दुपारी परत उघडायचं. आणि गुंगी आहे तर ते औषध बंद करा."

तुळसाबाईंनी ‘परत उघडायचं’ ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. मैथिली भिंतीला टेकली. साडेतीन वर्षांच्या मुलाचं ताजं पोट परत उघडायचं, परत भूल, परत तीच जखम. गळती असेल तर दुसरा इलाजच नाही. नसेल तर आम्ही त्या पोराला उगाच फाडणार होतो.

मला दोन गोष्टी जुळत नव्हत्या. औषधानं इतकी गुंगी आली असेल तर पोट असं दुखायला नको. आणि पोट इतकं दुखत असेल तर मुलाला झोपवतंय कोण?

पहिला संशय स्टेल्लावर. भलती बाटली तर नाही भरली? मी कपाटातून बाटली काढली, नाव वाचलं, वास घेतला. बाटली बरोबर होती. स्टेल्ला दुखावली. "सिस्टर, तुम्ही देवावर तरी विश्वास ठेवता का?"

म्हटलं, "देव ड्यूटीवर नसतो."

परत किट्टूपाशी गेले. त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि जागची हलले नाही. मला आमच्या घरचं श्रीखंड आठवलं. दुसरा तिसरा कसला नाही, तो जायफळाचा वास होता.

कॉटखाली तुळसाबाईंची कापडी पिशवी होती. विचारून उघडली, एवढं सांगते. आत छोटी सहाण, अर्धं झिजलेलं जायफळ आणि चांदीची पालडै, म्हणजे आपलं बोंडलं, बाळाला दूध पाजायचं. तोंडाशी तपकिरी गाळ चिकटलेला.

तुळसाबाई जराही कचरल्या नाहीत. "हो, मींच दिलें. लेंकरूं कण्हत होतें. तुमचें औषध पाजूनही कण्हत होतें. मग मी काय बघत बसूं? दुधांत उगाळून दिलें. माझीं सगळीं लेंकरें ह्यावर निजलींत."

"सहाणेवर किती वेढे दिलेत?"

"घरीं दोन देतों. हें दुखणें थोरलें, म्हणून जास्त दिलें. दर दुधाला दिलें."

माझा आवाज चढला. साताऱ्याचा आवाज आहे, शेजारच्या वॉर्डातून माणसं डोकावली. चिमूटभर जायफळानं बाळ झोपतं हे मलाही माहीत आहे, पण इतकं पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, नाडी पळते, पोर गुंगतं. वर अफूच्या कुळातलं औषध! झोपेवर झोप! "आजी, दोन्ही मिळून श्वास बंद पडला असता याचा!"

आणि बोलता बोलता मीच थांबले. श्वास बंद पडायचं सोडा, मंदसुद्धा झाला नव्हता. तो तर भरभर चालला होता. दोन्ही पोटात गेली असती तर असं झालंच नसतं. म्हणजे दोन्ही गेली नव्हती.

मी कोपऱ्यातल्या वॉशबेसिनकडे बघितलं. कडेला लाल मुंग्यांची रांग लागली होती, थेट जाळीपर्यंत. त्या बेसिनमध्ये हात धुण्यापलीकडे कुणी काही करत नाही. साबणाला मुंग्या येत नाहीत.

डॉक्टर सेल्वमना जायफळाचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "जातिक्काय? ठीक, गुंगी कळली. नाडीही थोडी कळली. पण सिस्टर, जातिक्कायनं पोट कडक होत नाही. शिवण गळतेच आहे." ते थिएटरची तयारी सांगायला निघाले. मुंग्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. मुंग्यांच्या साक्षीवर कुठला सर्जन थांबेल?

मैथिलीला दूध गरम करायच्या खोलीत घेऊन गेले. सासूसमोर ती काही बोलणार नाही, एवढं मला कळत होतं.

"औषध दिलंस का?"

"दिलं, सिस्टर." फार पटकन.

"प्रत्येक वेळी?"

"सिरिंज रिकामी परत दिली ना मी!"

म्हटलं, "हे बघ, मला तुझी तक्रार करायची नाही. मी तुला सरळ सांगते. औषध पोटात जाऊनही त्याला इतकं दुखतंय, तर आत काहीतरी बिघडलंय आणि पोट उघडायलाच हवं. उशीर केला तर तो हाताला लागणार नाही. पण औषध गेलंच नसेल, तर हे साधं ऑपरेशनचं दुखणं आहे, औषध दिलं की उतरेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मला कळत नाही, डॉक्टरना कळत नाही, मशीनलाही कळत नाही. यातलं कुठलं, ते या जगात फक्त तुला माहीत आहे."

ती खाली बसली, तिथेच, फरशीवर.

"नाही दिलं," ती म्हणाली. "एकदाही नाही. बेसिनमध्ये ओतलं."

तिचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना गोळ्यांच्या नादी लागला होता. नाव वेगळं, कूळ हेच. घरानं त्याच्यापायी काय काय बघितलं ते तिनं तुटक तुटक सांगितलं. ते इथे लिहीत नाही. "माझ्या मुलाच्या तोंडात मी माझ्या हातानं ते घालू?" ती म्हणाली. "तुम्ही समजावलंत. मला सगळं समजलं. पण हात होईना."

"आणि तो कण्हत होता तेव्हा?"

"डोळे मिटून बसत होते. मग तो झोपला. मला वाटलं, बघ, औषधाशिवाय झोपला की. म्हणजे माझंच बरोबर."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिनं व्यसनाचं विचारलं तेव्हा मी लांबलचक माहिती दिली होती, पण ‘तू का विचारतेस’ एवढं विचारायचं राहिलं होतं. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, डोलावलेल्या मानेवर विश्वास ठेवून बसले.

एकूण काय, सून औषध ओतून टाकतेय, म्हणून नातू कण्हतोय. कण्हतोय म्हणून आजी जायफळ वाढवतेय. जायफळानं तो झोपतोय, म्हणून सुनेला वाटतंय की औषध लागतच नाही. एकीचं दुसरीला माहीत नाही, दोघींचं आम्हाला माहीत नाही. आणि या सगळ्याची बेरीज डॉक्टर करतायत ती अशी, की शिवण गळतेय.

मैथिलीला घेऊन डॉक्टर सेल्वमकडे गेले. तिनं त्यांना तेच सांगितलं, रडत रडत. ते ऐकत होते. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, ऑपरेशन टळावं म्हणून आया काहीही कबूल करतात. मी हे आधी बघितलंय."

अशी माणसं! पण चूक काय होती त्यांची? त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"मग बघा ना," मी म्हटलं. "तिच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका. आधी दुखणं उतरवू या आणि मग पोट बघा. गळती असेल तर दुखणं उतरलं तरी पोट कडकच राहील."

त्यांनी सोनोग्राफीचा कागद परत उघडला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. थांबलं आणि गळती निघाली, तर पोर जातं. उघडलं आणि गळती नाही निघाली, तर कुणी काही विचारत नाही. उघडणं सोपं होतं.

"थिएटर सोडत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत थांबतो. नाडी वाढली, ताप आला, तर तुम्हाला विचारणारसुद्धा नाही."

जायफळाची गुंगी असेपर्यंत गुलाबी औषध द्यायचं नव्हतं. भुलीच्या डॉक्टरांनी सलाइनच्या नळीतून साधं, झोप न आणणारं वेदनाशामक सुरू केलं. मी खुर्ची ओढून किट्टूच्या उशाशी बसले. एका बाजूला मैथिली, दुसऱ्या बाजूला तुळसाबाई. मधे ते पोर. मी दोघींच्या हातांवर नजर ठेवून होते. हे त्यांनाही कळत होतं.

बऱ्याच वेळानं तुळसाबाई सुनेला म्हणाल्या, "मज कां नाहीं सांगितलेंस?"

मैथिली तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?"

तुळसाबाईंनी किट्टूच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

दुपार कलली. गुंगी उतरायला लागली तसा किट्टू चाळवला, डोळे उघडले, आम्हा तिघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि त्यानं असा काही टाहो फोडला की स्टेल्ला धावत आली. पूर्ण आवाजातला, पोटातून आलेला टाहो. तुळसाबाई घाबरल्या. मला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. रडायला खोल श्वास लागतो.

श्वास तपासला, डॉक्टरना विचारलं आणि मग गुलाबी औषधाचं माप भरून मी सिरिंज मैथिलीच्या हातात दिली. मीच द्यायची म्हणून उठले होते, पण ती म्हणाली, "मी देते. तुम्ही बघा." किट्टूनं ओठ मिटले. तिनं त्याला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, कानाशी, मला शब्द ऐकू आले नाहीत. त्यानं तोंड उघडलं. थोडं थोडं करत सगळं गेलं. गिळताना त्याचा गळा वरखाली झाला तो मी बघितला, तुळसाबाईंनी बघितला, दारातून डॉक्टर सेल्वमनी बघितला.

मग वाट बघायची. वाट बघण्याचं वर्णन करता येत नाही. मी त्याची मूठ बघत होते. ती आधी सैल झाली. मग एक गुडघा खाली आला. नाडी हळूहळू जागेवर आली. आठी शेवटी गेली.

डॉक्टर सेल्वम कॉटवर बसले. पोटाला स्वतः हात लावला नाही. किट्टूचाच हात त्याच्या पोटावर ठेवला आणि वर आपला. "तूच दाब रे. ढोल वाजतोय का बघू." किट्टूनं दाबलं. डॉक्टरांनी हळूहळू जोर वाढवला. पोर हात बघत राहिलं. पोट मऊ होतं. परत सोनोग्राफी केली, पाणी तेवढंच होतं, वाढलं नव्हतं.

ते उठले, हात धुवायला गेले आणि तिथूनच पाठमोरे म्हणाले, "थिएटर सोडा." बराच वेळ ते हातच धूत होते.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डची पद्धत बदलली. औषध अजूनही आईच्या हातूनच, पण नर्सनं उभं राहून, गिळेपर्यंत बघायचं. या वेळी मीटिंगमध्ये कुणी हसलं नाही. तुळसाबाईंनी जायफळ माझ्या हातात आणून दिलं. "ठेवा तुमच्यापाशीं. माझा हात जाईल," म्हणाल्या. बाई प्रामाणिक होती.

किट्टूला घरी सोडायचा दिवस आला. वडिलांनी रजा घेतली होती, पिशव्या भरून तयार, ऑटो खाली उभी. किट्टूला नवा शर्ट घातलेला. फेरीवर आलेल्या डॉक्टर सेल्वमनी विचारलं, "दुखतंय का रे?"

"वलि इल्लै," किट्टू म्हणाला. दुखत नाही. स्पष्ट, मोठ्यानं, डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून.

डॉक्टर खूष झाले. वडील खूष झाले. तुळसाबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मला त्याचा एक खांदा जरा खाली झुकलेला दिसला. मी पुढे व्हायला निघाले, तेवढ्यात मैथिली बोलली.

"डॉक्टर, हा खोटं बोलतोय."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "घरी जायचंय म्हणून बोलतोय," ती म्हणाली. "सँडल घालताना खाली वाकला नाही, पाय पुढे करून उभा राहिला. सकाळपासून एकदाही हसला नाही. हसलं की दुखतं त्याला."

तिचा नवरा म्हणाला, "अगं, ऑटो थांबलीय खाली."

"थांबू दे."

तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली, कॉटवर बसली, किट्टूला जपून मांडीवर घेतलं. आणि मग माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत ती माझ्याशी इंग्रजीशिवाय बोलली नव्हती. आता बोलली ती तिच्या घरच्या मराठीत, सासूसारखीच, प्रत्येक शब्दावर जोर देत.

"सिस्टर, माझ्या लेंकराला दुखतें आहे. त्याला औषध द्या."